पांजरपोळाचं बाहेरचं दार

१६२३ च्या फेब्रुवारीत पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा रोमन प्रवासी खंभातला पोचला. इराणात वारलेल्या बायकोचं शव पेटीत घालून तो बरोबर घेऊन हिंडत होता. पुढे रोमला पोचल्यावरच त्यानं तिला मूठमाती दिली. एवढं दुःख उरी बाळगणाऱ्या या माणसाला खंभातमध्ये एक जागा फार आवडली. ते होतं पाखरांचं रुग्णालय. एक लहानशी खोली, पण कोंबड्या, कबुतरं, मोर, बदकं आणि बारीकसारीक पाखरांनी भरलेली. कुणी लंगडं, कुणी आजारी, कुणी जोडीदार गमावलेलं. एका पेटीत कापसावर आईवेगळी उंदराची पिल्लं ठेवलेली होती आणि पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा नाकावर चष्मा लावून त्यांना पिसाच्या टोकानं दूध पाजत होता.

हा म्हातारा इतका लोभस आहे, की त्याच्या जवळच असलेल्या दुसऱ्या एका नोंदीकडे वाचणाऱ्याचं लक्षच जात नाही. देल्ला वाल्ले सांगतो, की पाखरू बरं झालं आणि ते रानातलं असलं, तर त्याला मोकळं सोडत; माणसाळलेलं असलं, तर एखाद्या धर्मशील माणसाच्या हवाली करत आणि तो ते आपल्या घरी पाळी. म्हणजे निवाऱ्यातला जीव बरा करून चांगल्या घरी द्यायची रीत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर किमान चारशे वर्षं जुनी आहे. मुंबई-पुण्यातली 'अडॉप्शन'ची हौस परदेशातून आलेलं खूळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी खंभातची ही नोंद जरूर लक्षात ठेवावी.

मग मधल्या काळात ही रीत गेली कुठे? मुंबईपुरतं तरी या प्रश्नाचं उत्तर शोधता येतं, आणि त्याची सुरुवात एका दंगलीपासून होते.

*

दंगलीकडे जाण्याआधी मराठी घराचा उंबरठा पाहायला हवा. कुत्र्याला मराठी मुलखानं कधी परकं मानलं नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसलेली असतात, खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धावतो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव घराघरातल्या मुलांना ठाऊक असतात. पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, हा नेम कित्येक स्वयंपाकघरांत आजही पाळला जातो. पण ती पोळी दारात टाकली जायची. कुत्रा अंगणापर्यंत, गोठ्यापर्यंत, शेताच्या बांधापर्यंत आपला. उंबऱ्याच्या आत मात्र त्याला जागा नव्हती. तो सगळ्या आळीचा असे, त्यामुळे आजारी पडला तर नेमका कुणाचा, हे ठरलेलं नसे. गावात हे निभावून जाई. शहरात निभलं नाही.

मुंबईच्या सरकारनं १८१३ साली भटकी कुत्री मारण्याचा नियम केला. वर्षातले ठरावीक दिवस त्यासाठी राखून ठेवलेले होते. पिसाळलेल्या कुत्र्याची भीती खोटी नव्हती. त्या काळी रेबीजवर लस नव्हती आणि चावा बसलेला माणूस तडफडून मरताना लोकांनी पाहिलेला असे. पण भीतीवर काढलेला उपाय क्रूर होता आणि त्याला पैशाची जोड मिळाली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं. १८३२ मध्ये कत्तलीची मुदत वाढवण्यात आली. बक्षिसाच्या आशेनं शिपाई मालकीची कुत्रीसुद्धा ओढून नेऊ लागले.

पारशी समाजाला हे सोसवणं शक्य नव्हतं. पारशी अंत्यविधीत 'सगदीद' नावाचा संस्कार असतो; मृताच्या देहावर कुत्र्याची नजर पडावी लागते. डोळ्यांवर दोन ठिपके असलेला 'चार डोळ्यांचा' कुत्रा त्यासाठी विशेष मानतात. जो प्राणी शेवटच्या प्रवासात सोबत करतो, त्याला रस्त्यात काठ्यांनी मारताना बघत राहायचं कसं? ६ जून १८३२ रोजी कोटातल्या जमावानं कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. जैन आणि हिंदू व्यापारीही त्यात उतरले. लष्कराच्या बराकींना होणारा रसद-पाण्याचा पुरवठा अडवला गेला, तेव्हा सरकारला फौज आणावी लागली. धरपकड झाली, खटले चालले. मुंबईच्या इतिहासात हे प्रकरण 'कुत्र्यांची दंगल' म्हणून ओळखलं जातं. नाव ऐकून हसू येतं, पण कंपनी सरकारच्या मुंबईत शहर बंद पाडण्याचा हा फार आधीचा प्रसंग होता आणि तो मुक्या जनावरांसाठी घडला होता.

तडजोड घडवून आणण्यात पुढाकार घेतला जमशेटजी जीजीभाई यांनी. ते अजून 'सर' झालेले नव्हते, पण चीनच्या व्यापारात त्यांनी अमाप पैसा मिळवला होता आणि सरकारदरबारी त्यांच्या शब्दाला वजन होतं. कुत्री मारू नयेत, शहराबाहेर हलवावीत, ही विनंती मान्य झाली. पण हलवायची तर ठेवायची कुठे? या प्रश्नातून १८३४ मध्ये भुलेश्वरला मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. जमशेटजींच्या जोडीला होते जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद, म्हणजे भायखळ्याचं देऊळ बांधणारे मोतीशा शेठ.

पांजरपोळाचा खर्च कसा भागवला, ही गोष्ट या इतिहासातली सगळ्यात शिकण्यासारखी आहे. एका शेठजीच्या देणगीवर तो चालवायचा नाही, असं सुरुवातीलाच ठरलं. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर आपणहून पट्टी बसवून घेतली. कापूस, अफू असा जो माल बाजारात उलाढालीला येई, त्यावर थोडीशी रक्कम पांजरपोळासाठी बाजूला निघे. कुणालाही न बोचणारी आणि कधीही न आटणारी ही आवक होती. सरकारी अनुदान नव्हे, कुणाचा उपकार नव्हे. बाजारानंच बाजाराला लावून घेतलेली शिस्त. आजचे कितीतरी निवारे महिनाअखेरीला पुढच्या महिन्याच्या तांदळाची चिंता करत असतात. त्यांच्या चालकांनी आणि शहरातल्या व्यापारी संघटनांनी हा १८३४ चा हिशेब एकदा डोळ्यांखालून घालावा.

तर अशा या पांजरपोळात कुत्री आली, गाई आल्या, म्हातारे बैल, लंगडे घोडे आले. इथे त्यांना कुणी मारणार नव्हतं. खायला मिळत होतं. पण आत आलेलं जनावर मरेपर्यंत आतच राहायचं. पांजरपोळाची कल्पनाच अशी होती, की जीव वाचवणं हे पुण्य आणि तो शेवटपर्यंत सांभाळणं हे व्रत. त्या काळाच्या मानानं हे फार मोठं काम होतं. मात्र खंभातमध्ये बरं झालेलं पाखरू ज्या दारानं कुणाच्या तरी घरी जायचं, तसं दार मुंबईच्या पांजरपोळाला नव्हतं. आवक रोजची आणि जागा तेवढीच, अशा ठिकाणी गर्दी होणार, रोग पसरणार हे उघड होतं. हळूहळू पांजरपोळ गाईगुरांचाच होत गेला. आज भुलेश्वरला जाणाऱ्याला तिथे मुख्यतः गाई दिसतात. ज्यांच्यासाठी शहर पेटलं होतं, ती कुत्री मागे पडली.

लंडनमध्ये याच सुमाराला वेगळं वळण मिळालं. १८६० मध्ये मेरी टिल्बी नावाच्या बाईंनी हॉलोवे भागात हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी घर काढलं. माणसं उपाशी असताना कुत्र्यांचे लाड कशाला, म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांची टर उडवली. पण ही संस्था टिकली, १८७१ मध्ये बॅटरसीला गेली आणि आजही तिथेच आहे. हरवलेला कुत्रा मालकाला परत द्यायचा आणि मालक आला नाही तर नवं घर बघायचं, हा तिचा रिवाज. तिच्या कोठड्यांमध्ये पुढे कितीतरी कुत्री मारलीही गेली, हे विसरता येत नाही. तरी घर शोधणं हे निवाऱ्याचं कामच आहे, हा विचार तिथे रुजला.

मुंबईत १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी सोसायटी स्थापन झाली. सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी दिलेल्या देणगीतून परळला त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं आणि त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. गिरणगावानं या रुग्णालयाचं बारसं आपल्या पद्धतीनं केलं: बैलघोडा हॉस्पिटल. नावाप्रमाणेच तिथे येणारे रोगी कष्टाचे होते. ट्रामचे आणि व्हिक्टोरियाचे घोडे, मालाचे गाडे ओढणारे बैल. खांद्याला पडलेली जखम, झिजलेला खूर, उन्हानं आलेली भोवळ. बरं झालेलं जनावर परत कामाला जाई. रस्त्यावरच्या कुत्र्याला मात्र ना मालक, ना काम. त्याला घेऊन कोण येणार?

*

त्याच्यासाठी पालिकेचा कोंडवाडा होता. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यानं भटकी कुत्री पकडून मारण्याचे अधिकार आयुक्तांना दिले आणि पुढची शंभर वर्षं ते वापरले गेले. महालक्ष्मीच्या कोंडवाड्यात कुत्र्यांना विजेचा धक्का देऊन मारलं जाई. ज्यांचं बालपण साठ-सत्तरच्या दशकातल्या मुंबईत गेलं, त्यांना पालिकेची कुत्र्यांची गाडी आणि लोखंडी चिमटे आठवत असतील. गाडी गल्लीत शिरली की पोरं आपापल्या कुत्र्यांना जिन्याखाली लपवत.

या शंभर वर्षांत कुत्र्यांच्या प्रश्नावर सगळ्यात खळबळ उडवणारा वाद झाला तो अहमदाबादला, १९२६ मध्ये. गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी गिरणीच्या आवारातली साठ कुत्री मारून टाकली आणि गांधीजींनी त्यांची बाजू घेतली. अहिंसेचा पुरस्कर्ता कुत्री मारायला संमती देतो, म्हणून पत्रांचा पाऊस पडला. गांधीजींनी 'यंग इंडिया'त अनेक अंक सलग उत्तरं लिहिली. कत्तलीला त्यांनी दिलेला कौल आज पटत नाही. मारून कुत्री कमी होत नाहीत, हे पुढे अनुभवानं सिद्ध झालं. पण त्याच लेखांत त्यांनी एक गोष्ट अचूक हेरली. दारातल्या कुत्र्यापुढे तुकडा टाकून पुण्य पदरात पाडून घ्यायचं आणि त्याची जबाबदारी मात्र घ्यायची नाही, ही दया अपुरी आहे. कुत्र्यावर प्रेम असेल तर त्याला पाळावं, नाहीतर त्याला सांभाळणाऱ्या संस्थेला मदत करावी, असं त्यांचं म्हणणं होतं. उंबऱ्याबाहेरच्या पोळीवर इतकं नेमकं बोट त्याआधी कुणी ठेवलं नसेल.

स्वातंत्र्यानंतर कायद्याचं वारं फिरलं. नृत्यांगना आणि राज्यसभेच्या सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मांडलेल्या खासगी विधेयकातून चालना मिळून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला, आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या त्याच पहिल्या अध्यक्षा झाल्या. मद्रासमध्ये वैमानिक कॅप्टन व्ही. सुंदरम यांनी १९५९ मध्ये पुराच्या पाण्यातून कुत्र्याची पिल्लं वाचवली आणि त्यातून 'ब्लू क्रॉस ऑफ इंडिया' ही संस्था उभी राहिली. कुत्री मारण्याऐवजी त्यांची नसबंदी करून लस टोचावी आणि जिथून उचलली तिथेच परत सोडावीत, हा मार्ग या संस्थेनं साठच्या दशकापासून लावून धरला. मोकळी झालेली जागा शेजारची कुत्री येऊन भरतात, उरलेल्यांची वीण वाढते आणि नव्या कुत्र्यांना लस टोचलेली नसते. त्यामुळे कत्तल व्यर्थ जाते, हे त्यामागचं साधं गणित. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९० च्या मार्गदर्शक सूचनांनीही तेच सांगितलं. मुंबईत 'वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज'सारख्या संस्थांनी पाठपुरावा केला आणि १९९४ मध्ये पालिकेनं कत्तल थांबवून नसबंदीचा रस्ता धरला. २००१ मध्ये केंद्रानं नियमच केले. कानाच्या टोकाला खाच असलेला कुत्रा दिसला, की त्याची शस्त्रक्रिया झाली आहे असं आज कुणीही ओळखतो.

कत्तल थांबली आणि निवाऱ्यांपुढे वेगळीच अडचण उभी राहिली. धडधाकट कुत्रा परत आपल्या गल्लीत जातो. पण गाडीखाली येऊन एक पाय गेलेला? आई मेलेली चार पिल्लं? आंधळी झालेली म्हातारी कुत्री? हौसेनं आणलेला आणि घर बदलताना हायवेला सोडून दिलेला लॅब्रॅडोर? यांना रस्त्यावर सोडणं म्हणजे मरायला सोडणं. २००३ मध्ये 'हच' या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतला पग देशभर गाजला आणि घराघरात पग हवेसे झाले. नंतर हस्कीची लाट आली. बर्फातल्या प्रदेशातलं हे दाट केसांचं जनावर घाटकोपरच्या आणि हडपसरच्या फ्लॅटमध्ये धापा टाकू लागलं. पहिला उन्हाळा आणि डॉक्टरचं पहिलं मोठं बिल आलं, की यांतली कित्येक जनावरं निवाऱ्यांच्या फाटकाशी बांधलेली सापडू लागली. निवारे भरले. मारायचं नाही आणि जन्मभर ठेवायला जागा नाही, तेव्हा उरला एकच उपाय: त्यांच्यासाठी घर शोधायचं. देल्ला वाल्लेनं पाहिलेला रिवाज मुंबईला गरजेपोटी पुन्हा सापडला.

*

सुरुवातीला हे काम ओळखीपाळखीतून चालायचं. कार्यालयातल्या नोटीस बोर्डावर पिल्लाचा फोटो, जनावरांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात चिकटवलेली चिठ्ठी. मग फेसबुक आलं, व्हॉट्सअॅपचे ग्रुप आले आणि भरू लागली अडॉप्शनची शिबिरं. मुंबईत 'वर्ल्ड फॉर ऑल' या संस्थेची 'अडॉप्टाथॉन' शिबिरं प्रसिद्ध झाली. २०१७ च्या तिच्या जाहिरातीची छायाचित्रं जगभर पाहिली गेली. छायाचित्रकार अमोल जाधव आणि कलादिग्दर्शक प्रणव भिडे यांचं ते काम. कुटुंबातली माणसं एकमेकांजवळ आलेली दिसतात. क्षणभर बघत राहिलं, की त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेला कान फुटतात, नाक येतं आणि तिथे कुत्रा बसलेला दिसतो. घरात आणखी एकासाठी जागा असते, एवढंच सांगायचं होतं. दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसं राहणाऱ्या मुंबईला हे सांगायला धाडस लागतं आणि ते मुंबईला पटलंही.

शिबिरात पिल्लू मांडीवर दिलं म्हणजे ते मिळालं असं होत नाही. आधी अर्ज असतो. घर भाड्याचं की स्वतःचं, घरातल्या सगळ्यांची संमती आहे का, दिवसभर घरी कोण असतं, गावी जाताना जनावराला कुठे ठेवणार, वयात आल्यावर नसबंदी करणार ना, असे प्रश्न विचारतात. मग कार्यकर्ते घर बघायला येतात. खिडक्यांना जाळी आहे का, हे मांजर नेणाऱ्याकडे हमखास बघतात, कारण पाचव्या मजल्याच्या सज्जातून कबुतरावर झेप घेणारी मांजरं खाली पडून जखमी होतात किंवा मरतात. काही लोकांना या चौकशीचा राग येतो. फुकटच्या कुत्र्यासाठी एवढं कशाला, असं ते म्हणतात. पण एकदा टाकून दिलेलं जनावर पुन्हा टाकलं जाऊ नये, यासाठी ही काळजी आहे. ती योग्यच आहे.

आणि मग ते घरी येतं. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला घर माहीत नसतं. गुळगुळीत लादीवर त्याचे पाय फाकतात. लिफ्टचं दार बंद झालं की तो थरथरतो. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली, मिक्सर लागला की पुन्हा पलंगाखाली. भिंतीला अंग चिकटवून झोपतो आणि ताटली भरून दिली तरी कुणी बघत नाही ना, याची खात्री करून खातो. निवाऱ्यातली माणसं नव्या पालकांना एक ढोबळ हिशेब सांगतात: भीती उतरायला तीन दिवस, घराचा दिनक्रम कळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने. कुणाला कमी लागतात, कुणाला जास्त. पण एखाद्या सकाळी तो हॉलच्या मधोमध, चारही पाय वर करून, पोट उघडं टाकून झोपलेला दिसतो. पोट उघडं टाकून झोपणं रस्त्यावर परवडत नाही. ज्या घरानं हे दृश्य पाहिलं, त्याला या इतिहासातलं बाकी काही समजावून सांगावं लागत नाही.

निवाऱ्यातून आणलेल्या जनावराचा आनंद असा हळूहळू मिळतो आणि म्हणूनच तो खोलवर जातो. विकत आणलेलं पिल्लू पहिल्या दिवसापासून अंगावर उड्या मारतं. मार खाल्लेल्या कुत्रीनं पहिल्यांदा आपणहून हातावर हनुवटी टेकवायला दीड महिना लावलेला असतो. ते टेकवणं कमावलेलं असतं. त्यातून आपले गावठी कुत्रे, ज्यांना आता सगळे 'इंडी' म्हणतात, या हवेसाठीच घडलेले. आखूड केस, हलकं अंग, तल्लख कान. हजारो वर्षं निसर्गानं निवड केल्यामुळे जातिवंत म्हणवणाऱ्या कितीतरी कुत्र्यांना छळणारे कंबरेचे आणि श्वासाचे आजार यांच्यात कमी आढळतात.

मांजरांचं प्रस्थही वाढलं आहे. मासळीबाजारातून, इमारतींच्या पंपघरांतून उचललेली पिल्लं एकेकट्या राहणाऱ्या तरुणांच्या आणि निवृत्तांच्या घरी जातात. मांजराला फिरवायला न्यावं लागत नाही, हे लहान घरांना सोयीचं पडतं.

पुण्यात २००७ पासून काम करणाऱ्या 'रेस्क्यू' संस्थेनं जखमी जनावरांवर उपचार करण्याची आणि बऱ्या झालेल्यांना घर देण्याची चांगली घडी बसवली. रतन टाटांनी तर या बाबतीत स्वतःच्या वागण्यातून धडा घालून दिला. २०१८ मध्ये 'बॉम्बे हाऊस'चं नूतनीकरण झालं, तेव्हा आसपासच्या रस्त्यांवरच्या कुत्र्यांसाठी टाटा समूहाच्या त्या मुख्यालयात खास खोली ठेवली गेली. गोव्यात भेटलेलं एक पिल्लू त्यांच्याबरोबर मुंबईला आलं; त्याचं नाव 'गोवा'च पडलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये टाटा गेले, तेव्हा अंत्यदर्शनाला 'गोवा'ला आणलं होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान जनावरांचं पाच मजली रुग्णालय सुरू झालं होतं. ज्या महालक्ष्मीत शहरानं वर्षानुवर्षं कुत्री विजेनं मारली, त्याच भागात आता त्यांच्यासाठी अतिदक्षता विभाग आहे.

तरीही काही गोष्टी खुपतात आणि त्या बोलायलाच हव्यात. शिबिरात दोन महिन्यांचं, फिक्या रंगाचं नर पिल्लू दुपारपर्यंत संपतं. मादी मागे राहते. नसबंदीची शस्त्रक्रिया सहज होत असतानाही 'पिल्लांची कटकट' या एका भीतीपोटी तिला नाकारतात. काळा कुत्रा मागे राहतो. तीन पायांचा, एका डोळ्याचा, पाच-सहा वर्षांचा तर कुणी बघतही नाही. वास्तविक मोठ्या कुत्र्याचा स्वभाव कळून चुकलेला असतो, तो पायताणं चावत नाही आणि नोकरी करणाऱ्या जोडप्याला पिल्लापेक्षा तोच झेपतो. दुसरी खंत गृहनिर्माण सोसायट्यांची. कुत्रा पाळायला बंदी घालणारे ठराव सर्रास होतात. प्राणी कल्याण मंडळानं २०१५ मध्येच परिपत्रक काढून स्पष्ट केलं आहे, की अशी बंदी घालता येत नाही. हे परिपत्रक बहुतेक सभासदांना माहीत नसतं आणि त्या अज्ञानापायी लोक जनावर परत करतात.

२०१४ च्या गणनेत मुंबईत ९५,१७२ भटकी कुत्री मोजली गेली. एवढ्यांना घरं मिळणार नाहीत, हे उघड आहे. नसबंदी आणि रेबीजची लस यांना पर्याय नाही. गोव्यानं नेटानं लसीकरण करून २०२१ मध्ये रेबीज नियंत्रित राज्य असा मान मिळवला, तो धडा महाराष्ट्रानं घ्यायला हवा. पण प्रत्येक शहरात काही हजार जीव असे असतात, ज्यांना रस्ता परत घेऊ शकत नाही. त्यांच्यासाठी घर हाच उपाय आहे.

सर्वोच्च न्यायालयानंही त्याची दखल घेतली आहे. दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशात न्यायालयानं म्हटलं, की ज्यांना कुत्रा दत्तक घ्यायचा असेल त्यांनी पालिकेकडे अर्ज करावा. कुत्र्याला ओळखपट्टी लावून तो त्यांच्या हवाली केला जाईल आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही, याची जबाबदारी घेणाऱ्याची राहील. कुत्र्यांच्या दंगलीपासून इथवर यायला १९३ वर्षं लागली.

घरी कुत्रा किंवा मांजर आणायचा विचार चालला असेल, तर दुकानात पैसे मोजण्याआधी जवळच्या निवाऱ्यात एक रविवार सकाळ घालवा. घरातल्या सगळ्यांना बरोबर न्या. पिल्लांच्या पिंजऱ्यापाशी गर्दी असेल. ती ओलांडून मागच्या रांगेत जा. तिथे एखादी मोठी, काळी, खाच पाडलेल्या कानाची कुत्री बसलेली असेल. तिचं नाव विचारा आणि तिला थोडं फिरवून आणायची परवानगी मागा.